एका पगारावर दहा तोंडं

महागड्या फोनच्या जाहिरातीत जे सगळ्यांत मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं, ते मी सगळ्यांत शेवटी वाचतो. आधी बॅटरी बघतो, मग मेमरी, मग तो फोन जे नेटवर्क मागतो ते आमच्या गावात आहे का ते. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल अगदी शेवटी. माळशिरस तालुक्यात वार्ताहर म्हणून माझी उमेदीची वर्षं गेली आणि त्यातली बरीचशी आजचा फोटो आज रात्रीच्या आत ऑफिसात कसा पोचवायचा या विवंचनेत गेली. त्यामुळे फोन जोखण्याची माझी पट्टी दुकानदाराच्या आणि यूट्यूबवरच्या परीक्षकांच्या पट्टीपेक्षा वेगळी आहे. ती एका जुन्या फोनवर तयार झाली. हल्ली लाख-सव्वा लाखाचे फोन हप्त्यावर घेऊन पोरं गावात येतात तेव्हा त्या जुन्या फोनचा जमाखर्च पुन्हा मांडावासा वाटतो. तो फोन म्हणजे नोकिया एन ९५.

पंचविशीच्या आतल्या वाचकाला हे नाव कदाचित ठाऊक नसेल. २६ सप्टेंबर २००६ रोजी न्यूयॉर्कमध्ये नोकियाने तो जाहीर केला आणि मार्च २००७ मध्ये तो बाजारात आला. कंपनीने सांगितलेली अंदाजे किंमत, कर सोडून, ५५० युरो. कंपनी त्याला फोन म्हणायलाच तयार नव्हती. ‘मल्टिमीडिया कॉम्प्युटर’ म्हणायची, आणि जाहिरातीचा सूर असा, की कॉम्प्युटर कॉम्प्युटर म्हणतात तो आता हाच. दावा पोकळ नव्हता. कार्ल झाइसच्या भिंगाचा ५ मेगापिक्सेल ऑटोफोकस कॅमेरा, सेकंदाला ३० फ्रेमचा व्हिडिओ, जीपीएस, वायफाय, साडेतीन-जी म्हणवलं जाणारं एचएसडीपीए, एफएम रेडिओ, साध्या हेडफोनची साडेतीन मिलिमीटरची पिन, मेमरी कार्ड, टीव्हीला जोडायची वायर, आणि हे सगळं १२० ग्रॅममध्ये. वर सरकवला की आकड्यांची बटणं. खाली सरकवला की गाणी चालू-बंद करायची बटणं आणि पडदा आपोआप आडवा. चहाच्या टपरीवर माणसं काहीही काम नसताना तो नुसता वर-खाली सरकवत बसायची. मीही बसायचो.

माझ्या हाती तो आला २००८ मध्ये, हिंजवडीला नोकरी करणाऱ्या मेव्हण्याकडून. त्याला नवा सेट घ्यायचा होता. तालुका वार्ताहराच्या मानधनात असला फोन कोरा करकरीत घेणं म्हणजे घरात भांडणाला आमंत्रण, त्यामुळे मेव्हणा अचानक फार जवळचा वाटू लागला.

त्याआधी तालुक्यातला फोटो कसा जायचा ते सांगायला हवं, नाहीतर या फोनचं मोल कळणार नाही. रोल असायचा तेव्हा अकलूजच्या स्टुडिओत तो धुवून घ्यायचा, प्रिंट पाकिटात घालायची, पाठीमागे पेन्सिलीने ओळ लिहायची आणि संध्याकाळच्या सोलापूर गाडीच्या कंडक्टरच्या हाती द्यायची. मग एसटीडी बूथवरून ऑफिसला गाडीचा नंबर कळवायचा. तिकडे स्टँडवर ऑफिसचा पोऱ्या उभा. गाडी मोहोळच्या अलीकडे पंक्चर झाली की आमचा फोटो दुसऱ्या दिवशीच्या अंकात, आणि बातमीला तोवर वास सुटलेला. पुढे डिजिटल कॅमेरे आले, सायबर कॅफे आले. मग मेमरी कार्ड खिशात घालून कॅफेत जायचं. पण ती भारनियमनाची वर्षं होती. ग्रामीण भागात दिवसाचे दहा-बारा तास वीज नसायची. कॅफेवाल्याचा इन्व्हर्टर बसला की तो शटर अर्धं ओढून बाहेर खुर्ची टाकायचा. फोटो तयार, मेल आयडी तयार, आणि मधली तार तुटलेली.

अशा माणसाच्या हातात एन ९५ आला. फोटो काढा आणि त्याच यंत्रातून पाठवा. आज हे लहान पोरही करतं, म्हणून त्यातली क्रांती सांगताना थोडं ओशाळायला होतं. पण कॅमेरा, कॉम्प्युटर, मॉडेम आणि टेलिफोन या चार वस्तू चार ठिकाणी असायच्या. त्या एका खिशात आल्या ही त्या फोनची खरी थोरवी. उसाच्या दरासाठी रस्ता अडवलेला असायचा तेव्हा मी ट्रॅक्टरच्या रांगेत उभ्या-उभ्या फोटो पाठवलेले आहेत. बातमी मात्र कागदावर लिहून फॅक्सच करावी लागे. ऑफिसातला डीटीपीवाला ती श्रीलिपीत टाइप करायचा. फोनवर मराठी बातमी लिहायची सोय ही फार पुढची गोष्ट.

कॅमेऱ्याबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण इथे जाहिरात आणि व्यवहार यांचा संबंध नीट दिसतो. ५ मेगापिक्सेल म्हणजे आडवे २५९२ आणि उभे १९४४ ठिपके. वर्तमानपत्राचा कागद खरखरीत, शाई पसरते. त्यावर इंचाला २०० ठिपके भरपूर होतात. २५९२ ला २०० ने भागा. तेरा इंच येतात, म्हणजे सुमारे ३३ सेंटिमीटर. हातातल्या मोठ्या आकाराच्या अंकाच्या पानाची छपाईची रुंदी मोजून पाहा, तेवढीच भरेल. ठिपक्यांचा नुसता हिशेब केला, तर २००७ चा फोन पहिल्या पानावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फोटो छापू शकत होता. आमच्या फोटोंना तर तीन कॉलमची जागा मिळाली तरी पेढे वाटावेत अशी परिस्थिती.

उणीव ठिपक्यांची नव्हतीच, ती उजेडाची होती. फोनमधला सेन्सर नखाएवढा, भिंग त्याहून लहान. भर दुपारी रिंगणात घोडा धावताना चित्र लख्ख. दिवेलागणीला कीर्तनाच्या मंडपात तेच चित्र भुरकट. या फोनला फ्लॅश होता तो एलईडीचा. अंधारात चार-पाच फुटांवरचा चेहरा उजळेल एवढाच त्याचा जीव. आदल्या वर्षीच्या सोनी एरिक्सन के ८०० आयला ३.२ मेगापिक्सेलच होते, पण खरा झेनॉन फ्लॅश होता. नोकियानेही २००७ च्या अखेरीस एन ८२ या फोनला तो दिला. रात्रीच्या सभेला जाणाऱ्या वार्ताहराला विचाराल तर कागदावर कमी भरणारा फोन तिथे जास्त कामाचा. पण ‘झेनॉन’ शब्द जाहिरातीत ‘५ मेगापिक्सेल’ इतका ठसत नाही.

व्हिडिओच्या बाबतीत मात्र मी त्या फोनचा ऋणी आहे. ६४० बाय ४८० ठिपके, सेकंदाला ३० फ्रेम. तेव्हाचे बहुतेक फोन काडेपेटीएवढं, अडखळत चालणारं चित्र काढायचे. हे चित्र घरच्या टीव्हीवर शोभेल असं होतं. आणि टीव्हीला जोडायची वायर खोक्यातच मिळायची. पुरंदवड्याच्या गोल रिंगणात माउलींचा अश्व दौडला ते मी चित्रित केलं आणि रात्री घरच्या जुन्या डब्बा टीव्हीला फोन जोडून दाखवलं. आईचे गुडघे गेलेले, त्यामुळे रिंगणाला जाणं तिचं बंद झालं होतं. शेजारपाजारच्या बायका जमल्या. घोड्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं धावली तिथे आई म्हणाली, “मागं ने की जरा, त्यात आपली सुमन दिसली.” मागं नेलं. सुमन नव्हती. पण मागं नेता येतं हे घरात सगळ्यांनाच आवडलं, आणि पुढचा तासभर मी रिमोट होऊन बसलो.

एवढं सगळं चांगलं असताना मी या फोनला पैकीच्या पैकी गुण का देत नाही?

बॅटरीसाठी. एन ९५ ची बॅटरी ९५० एमएएचची. याच कंपनीचा नोकिया ११०० आठवतोय का? २००३ चा, टॉर्चवाला, रबरी कीपॅडचा, शेतात पडला तरी धूळ झटकून चालणारा. त्याची बॅटरी ८५० एमएएचची. म्हणजे नुसतं बोलणं, एसएमएस आणि टॉर्च यांसाठी ८५०; आणि कॅमेरा, व्हिडिओ, जीपीएस, वायफाय, साडेतीन-जी, गाणी, रेडिओ आणि टीव्ही एवढ्यांसाठी ९५०. कंपनीने कुटुंब आठ माणसांनी वाढवलं आणि पगार शंभर रुपयांनी. पगारदार माणूस हे ऐकून हसेल, कारण त्याने ते घरी अनुभवलेलं असतं. ११०० ला कंपनी स्टँडबायचे ४०० तासांपर्यंत सांगायची. एन ९५ नीट वापरला तर संध्याकाळी चार्जर लागतो, हे जगभरच्या परीक्षकांनी तेव्हाच लिहून ठेवलं आहे. आणि आमच्याकडे संध्याकाळी वीज असेलच याची खात्री काय?

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी: मागचं झाकण काढून बॅटरी बदलता यायची. भरलेली दुसरी बॅटरी शर्टाच्या खिशात ठेवली की दिवस निघायचा. आजच्या लाखाच्या फोनला ही सोय नाही.

मेमरीची गोष्ट अशीच. फोनमध्ये काम करायची मेमरी ६४ एमबी. त्यातली बरीचशी फोन सुरू होतानाच सिम्बियन ही प्रणाली स्वतःसाठी अडवून ठेवायची. तुम्हाआम्हाला मोकळी उरायची ती जेमतेम विसेक एमबी. मग इंटरनेटचं पान उघडं ठेवून कॅमेरा सुरू केला की फोन पान मिटवून टाकायचा, कारण दोघांना एकाच वेळी जागा नव्हती. वैशिष्ट्यांच्या यादीत दहा गोष्टी होत्या आणि त्या दहाही खऱ्या होत्या. पण एका वेळी दोन चालतील याची हमी त्या यादीत कुठे दिलेली नव्हती. प्रत्येक सोय स्वतंत्रपणे उत्तम, आणि सगळ्यांचा कणगा एकच. फ्लॅगशिप फोन जोखताना सोयी मोजण्यापेक्षा हा कणगा मोजावा असं मी जे म्हणतो ते या ६४ एमबीमुळे.

कंपनीला हे कळलं नव्हतं असं नाही. नोव्हेंबर २००७ च्या सुमारास आलेल्या अपडेटमध्ये ‘डिमांड पेजिंग’ आलं. म्हणजे सगळा प्रोग्राम मेमरीत ओतायचा नाही, लागेल तेवढंच पान उचलायचं. त्याने मोकळी जागा बरीच वाढली, फोन चपळ झाला. त्याआधीच, ऑगस्ट २००७ मध्ये, एन ९५ ८ जीबी जाहीर झाला होता. त्यात मेमरी दुप्पट म्हणजे १२८ एमबी, बॅटरी १२०० एमएएच, पडदा २.६ इंचांवरून २.८ इंच. बदल्यात भिंगावरचं सरकतं झाकण गेलं आणि मेमरी कार्डाची खाच गेली. पहिला फोन दुकानात येऊन पाच महिने होत होते. दुरुस्ती चांगलीच होती, पण आधी पैसे मोजलेल्या गिऱ्हाइकाने प्रयोगाचा खर्च भरला असा त्याचा अर्थ होतो. नवा फ्लॅगशिप पहिल्या दिवशी रांगेत उभं राहून घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. ती रांग तेव्हापासून फारशी बदललेली नाही.

आता साडेतीन-जीकडे येतो. एचएसडीपीए हे या फोनचं मोठं भूषण होतं. हेलसिंकीत आणि लंडनमध्ये असेलही. भारतात एमटीएनएलने दिल्लीत थ्री-जी सुरू केलं ते डिसेंबर २००८ मध्ये. खासगी कंपन्यांसाठी लिलाव झाला तो २०१० च्या एप्रिल-मे महिन्यांत. सरकारला ६७ हजार ७१९ कोटी रुपये मिळाले, आणि खासगी सेवा सुरू व्हायला वर्षाची अखेर उजाडली. आमच्या तालुक्यात त्यानंतर. म्हणजे २००७ मध्ये ज्याने भारतात हा फोन घेतला त्याने त्यातल्या सगळ्यांत महागड्या भागांपैकी एकाचे पैसे भरले आणि तो भाग तीन वर्षं झोपून राहिला. आम्ही चालवायचो जीपीआरएसवर. सेकंदाला तीस-चाळीस किलोबिट मिळाले तर नशीब. एक एमबीचा फोटो त्या वेगाने जायला साडेतीन-चार मिनिटं लागतात, तेही मध्ये कुठे लाइन तुटली नाही तर. वारीत लाखो माणसं एका टॉवरखाली आली की ‘तुटली नाही तर’ या शब्दांना काही अर्थ उरत नाही. म्हणून पाच मेगापिक्सेलचा कॅमेरा हातात असून मी फोटो लहान करून पाठवायचो. कॅमेरा पहिल्या पानाच्या लायकीचा, रस्ता बैलगाडीचा.

जीपीएसचंही तेच. उपग्रह स्वतःचा ठावठिकाणा सेकंदाला अवघ्या ५० बिट या वेगाने सांगतो. तो नीट ऐकून घ्यायला मोकळं आभाळ आणि किमान अर्धा मिनिट लागतं, प्रत्यक्षात बरंच जास्त. त्यावर उपाय म्हणजे ही माहिती नेटवर्कवरून उतरवून घेणं. ती सोय नोकियाने अपडेटमधून दिली. पण त्यालाही इंटरनेट हवं, आणि बोलून रस्ता दाखवण्याचे पैसे वेगळे. माळशिरसहून नातेपुत्याला जायला मला उपग्रहाची गरज कधी पडली नाही, हे तर आहेच.

एन ९५ बाजारात यायच्या सुमारास, ९ जानेवारी २००७ रोजी, अ‍ॅपलने पहिला आयफोन जाहीर केला. दोन्ही फोनच्या याद्या शेजारी ठेवल्या तर एन ९५ त्याला धूळ चारतो. आयफोनचा कॅमेरा २ मेगापिक्सेलचा, व्हिडिओ नाही, थ्री-जी नाही, जीपीएस नाही, बाहेरचे अ‍ॅप नाहीत, कॉपी-पेस्टसुद्धा नाही. नोकियाच्या भक्तांनी तेव्हा हे उणे मोजून दाखवले, आणि मोजणी बरोबर होती. पण आयफोनला १२८ एमबी मेमरी होती आणि १४०० एमएएचची बॅटरी. थ्री-जी का नाही असं सप्टेंबर २००७ मध्ये लंडनला विचारलं गेलं तेव्हा स्टीव्ह जॉब्झ यांनी कारण दिलं ते बॅटरीचं: त्या चिप फार वीज खातात. खाणारी तोंडं कमी आणि पगार दीडपट, म्हणून जे होतं ते पोटभर जेवलं. बोट लावलं की पडदा हलायचा, थांबायचा नाही. लोकांना ते आवडलं. ऑगस्ट २००८ मध्ये आयफोन थ्री-जी भारतात आला तेव्हा त्याची किंमत ३१ हजारांपासून पुढे होती. आमच्या भागात तो कुणाकडे दिसायला मात्र बराच काळ गेला.

नोकियाच्या घसरणीची कथा सांगत बसत नाही, ती सगळ्यांना पाठ आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये सिम्बियन सोडायचं ठरलं, २०१४ मध्ये फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टकडे गेला, त्याच वर्षी चेन्नईजवळच्या श्रीपेरंबुदूरचा कारखाना बंद झाला. माझ्या मुद्द्याला त्यातला एकच फोन लागतो: २०१२ चा नोकिया ८०८ प्युअरव्ह्यू. त्याच्या कॅमेऱ्यात ४१ मेगापिक्सेलचा सेन्सर होता. जगाने डोळे विस्फारले. पण तो फोन सुरुवातीच्या सेटिंगवर फोटो किती मेगापिक्सेलचा काढायचा? पाच. शेजारशेजारचे साताच्या आसपास ठिपके एकत्र करून तो त्यांचा एक शुद्ध ठिपका बनवायचा. म्हणजे त्या कंपनीतल्या इंजिनिअरांनाही ठाऊक होतं की माणसाला फोटो पाच मेगापिक्सेलचाच पुरतो. कमी पडतो तो उजेड. म्हणून त्यांनी सेन्सर भलामोठा केला आणि ठिपके पुन्हा पाचावर आणून ठेवले. मला मोबाइलच्या इतिहासातला हा सगळ्यांत प्रामाणिक आकडा वाटतो. पाचपैकी पाच ताऱ्यांचं हे डोकं बसवलं होतं मात्र ६४० बाय ३६० ठिपक्यांच्या पडद्यावर आणि निरोप घेत असलेल्या सिम्बियनवर. आज दुकानात २०० मेगापिक्सेल म्हणून जो फोन दाखवतात तोही एरवी सोळा-सोळा ठिपके एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो. विक्रेता हे सांगत नाही. त्याचं बिचाऱ्याचं टार्गेट असतं.

आमची पुतणी आता बातमीदारीच करते, पण पडद्यावरची. स्वतःचा चॅनल, हातात काठी, काठीवर फोन. तिचं म्हणणं, काका तुम्ही जुन्या रडगाण्यावर अडकलात. आज पाच हजार एमएएच आणि १२ जीबी मेमरी असते, पगार वाढला की. पगार वाढला हे खरं. तोंडंही वाढली. एन ९५ च्या पडद्यावर ७७ हजार ठिपके होते, आज चाळीस-पंचेचाळीस लाखांच्या घरात असतात आणि सेकंदाला १२० वेळा बदलतात. व्हिडिओ फोर-केमध्ये. आणि नेटवर्कची गोष्ट तर जशीच्या तशी पुन्हा घडली. फाइव्ह-जी फोन भारतात विकायला आले फेब्रुवारी २०२० मध्ये. फाइव्ह-जी सेवा सुरू झाली १ ऑक्टोबर २०२२ रोजी. आयफोनवाल्यांना त्यानंतरही डिसेंबरच्या अपडेटपर्यंत थांबावं लागलं. अडीच वर्षं लोकांनी झोपलेल्या चिपचे हप्ते भरले. थ्री-जीच्या वेळी तीन वर्षं भरले होते, तेव्हा प्रगती झाली म्हणायची.

शिवाय एक नवा कणगा तयार झाला आहे आणि त्याचा आकडा कुठल्याच जाहिरातीत नसतो: उष्णता. एवढी कामं एका पातळ काचेच्या पेटीत चालली की ती तापते. तापली की फोन स्वतःला वाचवायला पडदा मंद करतो, वेग कमी करतो, शेवटी कॅमेरा बंद करतो. यात लपवाछपवी नाही; अ‍ॅपलच्या स्वतःच्या माहितीत आयफोन शून्य ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरावा असं लिहिलेलं आहे. आता सोलापूर जिल्ह्यात मार्च ते मे या काळात दुपारी ३५ च्या खाली पारा कुठे असतो ते मला कुणीतरी सांगावं. देवळाच्या गाभाऱ्यात असेल. पाणीटंचाईची बातमी ज्या वेळी आणि ज्या जागी काढायची, ती वेळ आणि जागा या यंत्राच्या कागदोपत्री मर्यादेबाहेर आहे. टँकरची रांग थंड होईपर्यंत थांबत नाही.

म्हणून पुतणीला सांगितलं, यंदाचा घेऊ नकोस, गेल्या वर्षीचा फ्लॅगशिप घे. त्यातल्या चुका एव्हाना दुरुस्त झाल्या असतील. वाचलेल्या पैशांतून चांगला कॉलर माइक घे, कारण वाऱ्यात आवाज गेला की फोर-के चित्राला कुणी विचारत नाही. तिने ऐकलं अर्धंच. माइक घेतला आणि फोनही यंदाचाच घेतला. हौसेला मोल नसतं, आणि ती स्वतः कमावते.

आता एक मागणी. पिक्सेल ८ पासून गूगल आणि गॅलेक्सी एस २४ पासून सॅमसंग सात वर्षं अपडेट देण्याचं वचन देतात. चांगलं आहे. पण बॅटरी सात वर्षं टिकेल असं वचन त्या देत नाहीत, आणि ती आता झाकणाआड सीलबंद असते. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या फोनवर एक पट्टी लावायला भाग पाडलं आहे. एका चार्जमध्ये फोन किती तास-मिनिटं चालतो, बॅटरी किती वेळा चार्ज होऊन दमते, पडला तर किती टिकतो, दुरुस्तीला किती सोपा आहे, हे सगळं त्या पट्टीवर. ८०० वेळा चार्ज केल्यावरही बॅटरीत ८० टक्के दम उरला पाहिजे असा नियमही केला आहे. आपल्याकडे २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि एक पोर्टल काढलं. पण वीस हजारांचा फ्रिज घेताना आपण त्यावर चिकटवलेले वीजबचतीचे तारे मोजतो आणि लाखाच्या फोनच्या खोक्यावर तसली एक पट्टी नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे (बीईई) हे तारे २००६ पासून चालू आहेत, म्हणजे एन ९५ जाहीर झाला त्याच वर्षापासून. कल्पना नवी नाही, यंत्रणाही आहे.

ती पट्टी युरोपातली उचलून जशीच्या तशी चिकटवू नये. एमआरपीच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत, अधिकृत केंद्रात बॅटरी बदलायचा खर्च छापावा. खोक्यावर ज्या नेटवर्कची फुशारकी आहे ते विक्रीच्या दिवशी भारतात चालू आहे की नाही हे लिहावं. आणि आपल्या हवामानासाठी आणखी एक आकडा हवा: ४२ अंशांत, उन्हात, हा फोन सलग किती मिनिटं व्हिडिओ काढतो. कंपन्या म्हणतील अशा चाचणीसाठी खास प्रयोगशाळा लागेल. मे महिन्यात दुपारी दोन वाजता माळशिरसला या. जागा मी दाखवतो, भाडं घेणार नाही.